सान इसिद्रोच्या नाक्यावर

कोलोनिया सान इसिद्रो,
३ एप्रिल

कोंपाद्रे क्रिस्पिन यांस माकारिओचा नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही सगळे जिवंत आहोत. पूर्वी हे वाक्य मी रीत म्हणून लिहीत असे, हल्ली बातमी म्हणून लिहितो.

दुसरी बातमी अशी, की आमच्याकडे लष्कर आलं. खून थांबवायला. मार्च महिन्यात एकट्या आमच्या कोलोनियात, या एवढ्याशा वस्तीत, सात माणसं गेली, त्यातला सातवा कुणा बड्याचा भाचा निघाला, म्हणून राजधानीहून मंत्री आले. चौकातल्या मंडपात उभे राहून म्हणाले, "आता या शहरात कुणाची बोट उचलण्याची हिंमत होणार नाही." त्या वेळी त्यांच्याभोवती साठ सैनिक होते, त्यामुळे खरोखरच कुणाची झाली नाही. मग मंत्री गेले. वीस सैनिक त्यांच्या रक्षणाला गेले आणि चाळीस आमच्यासाठी उरले. ते शाळेत राहतात, म्हणून शाळा बंद आहे. पोरं वाईट संगतीला लागू नयेत यासाठी त्यांना दिवसभर रस्त्यावर सोडलं आहे.

नाका नेमका माझ्या भट्टीच्या कोपऱ्यावर, देवळाच्या भिंतीला लागून आहे. वाळूची पोती, एक ट्रक, नऊ सैनिक. सगळ्यांची तोंडं काळ्या कापडाने झाकलेली. खालच्या गल्लीतली मंडळी (त्यांचं नाव मी लिहीत नाही, तुम्ही वाचू नका) तीही तोंड झाकूनच येतात. लुचा म्हणाली, "अहो, आता ओळखायचं कसं?" मी म्हटलं, "बुटांकडे बघ. ज्यांचे नवे, ती मंडळी. ज्यांचे फाटके, ते सरकार."

आता कामाचं. यंदा सान इसिद्रोच्या उत्सवाचा मानकरी मी आहे. अकरा वर्षं यादीत थांबलो तेव्हा हा मान आला. या कोलोनियात आता एक वीतभर शेत उरलेलं नाही, पण संत शेतकऱ्यांचाच आहे, आणि पंधरा मेला पहाटे पाच वाजता शोभेच्या दारूचे बारा बाण आकाशात गेल्याशिवाय तो देवळाबाहेर पाऊल टाकत नाही. ते बाण तुमच्या आजोबांच्या वेळेपासून तुमच्याच घरचे. तेव्हा बारा पहाटेचे आणि सहा डझन मिरवणुकीचे, असे तयार ठेवा.

फोन करत नाही. माझा फोन सरकार ऐकतं, मंडळी ऐकतात आणि लुचा ऐकते. डॉन प्रोकोच्या बसने पत्र पाठवतो, तो फक्त पाकीट उन्हाला धरून बघतो.

माझी धर्मकन्या सेल्सा कशी आहे? लष्करात गेल्यापासून दोन वर्षांत या धर्मपित्याला, पाद्रिनोला, एक ओळ नाही. तिला सांगा, वर लिहिलेलं तिच्या भाऊबंदांबद्दल आहे, तिच्याबद्दल नाही. तिच्या आईला, कोमाद्रे तोमासाला, नमस्कार.

तुमचा,
माकारिओ

---

सान ब्लास,
९ एप्रिल

कोंपाद्रे माकारिओ,

पत्र पोचलं. मानकरी झालात, आनंद वाटला. तोमासाने देवापुढे मेणबत्ती लावली.

सेल्सा उत्तरेला एका धरणावर पहाऱ्याला आहे. भरपूर पाणी, धोका काही नाही.

तुमच्याकडच्या त्या सैनिकांना जेवायला काय देतात? शाळेत पाण्याची सोय आहे का? तुमच्या कोपऱ्यावर पहाटे कोण असतं, किती तास असतं? सावली आहे का? मंडळी त्यांच्यावर गोळ्या झाडतात का, की नुसतेच इशारे चालतात? सविस्तर लिहा.

चेष्टा करता ते ठीक आहे. पण कुणाची तरी लेकरंच ती. एखादा गरम पाव पुढे केलात तर तुमची भट्टी विझणार नाही.

बाणांचं बघतो.

क्रिस्पिन

---

कोलोनिया सान इसिद्रो,
२२ एप्रिल

कोंपाद्रे,

तुम्हाला लष्कराचं तपासनीसपद कधी मिळालं? अभिनंदन. तुमच्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो. जेवायला डबाबंद घेवडा. पाणी शाळेच्या टाकीत आहे, पण टाकीला नळ नाही. सावली देवळाची, ती दुपारी एकनंतर. मंडळी गोळ्या झाडत नाहीत, त्यांना गरजच नाही. लष्कराच्या नकाशात आमची हद्द मोठ्या रस्त्यापाशी संपते, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. आता माणसं रस्त्याच्या पलीकडे मारली जातात. अलीकडे दोन आठवडे शून्य खून. कॅप्टन ओलवेरा तो आकडा फळ्यावर रोज खडूने लिहितो. पलीकडचा फळा वेगळा.

बाणांची परवानगी मागायला मी शाळेत गेलो होतो. इयत्ता तिसरीच्या वर्गात, बुटक्या बाकावर, कॅप्टन गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता.

"बाण कशासाठी?"

"संत जागा व्हावा म्हणून, साहेब."

"संत झोपतो?"

"तुमच्या माणसांइतका नाही."

तो हसला नाही. म्हणाला, "खालच्या गल्लीतले लोक बाणांनीच इशारे देतात. गस्त निघाली की एक, ट्रक निघाला की दोन. मला कसं कळायचं कुठला बाण त्यांचा आणि कुठला संताचा?"

"संताचे पहाटे पाचला सुटतात, बारा असतात, आणि त्यानंतर कुणी मरत नाही."

त्याने मला शेजारच्या सार्जंटकडे ढकललं. सार्जंटने छापील अर्ज काढला. "अर्ज कुणासाठी?" म्हटलं, "इसिद्रो." "आडनाव?" म्हटलं, "लाब्रादोर," संताचं बिरुदच ठोकून दिलं. "पत्ता?" "देऊळ." "व्यवसाय?" "शेतकरी होते, आता संत आहेत." त्याने सगळं उतरवून घेतलं, कोंपाद्रे. मग मान वर न करता म्हणाला, "पुढच्या वेळी ओळखपत्र घेऊन त्यांना स्वतःला यायला सांगा."

तुमच्या आज्ञेवरून पावही देऊन पाहिला. सहा वाजता टोपली घेऊन बाजाराला निघालो की ते नाक्यावर अडवतात. आठ जण पाव चाचपतात, दोन खिशात घालतात आणि जाऊ देतात. त्यांची माझी दोस्ती आहे. नववा मात्र अजब. बुटका आहे, कधी बोलत नाही, म्हणून मी त्याला मुका म्हणतो. तो फडकं उचलतो, आत बघतो, पुन्हा झाकतो आणि चारी कोपरे आत खोचतो. जणू टोपलीत पाव नसून तान्हं मूल आहे. त्याला शिंपल्याच्या नक्षीचा गोड पाव दिला, ताजा, वाफ निघणारा. त्याने मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. काय तो गर्व! सरकारचा घेवडा बरा वाटतो त्याला.

बाण कधी येतात ते कळवा. पंधरा मे जवळ आली.

माकारिओ

---

सान ब्लास,
२९ एप्रिल

कोंपाद्रे,

यंदा बाण होणार नाहीत. बाणांची दारू मिळत नाही. क्षमा करा.

तुम्हीही यंदा बाणांचा नाद सोडा. सान इसिद्रो शेतकरी होता. शेतकऱ्याला पहाटे उठवावं लागत नाही.

क्रिस्पिन

---

कोलोनिया सान इसिद्रो,
६ मे

कोंपाद्रे,

दारू मिळत नाही? सान ब्लासमध्ये? तुमच्या गावात मीठ नसेल तर शेजारणी दारू उसनी देतात. ओढ्याला पाणी नाही म्हणाला असतात तर पटलं असतं.

शाळेत आपण एका बाकावर बसलो, एकमेकांना तू म्हणालो. तुमच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं, त्या दिवसापासून कोंपाद्रे झालो आणि तुम्ही म्हणू लागलो. आज पुन्हा तू म्हणावंसं वाटतंय, आणि त्याच्यापुढे आणखी एक शब्द. पण देवासमोर जोडलेलं नातं, जीभ आवरतो.

तुमच्यावाचून अडत नाही. दुसऱ्या गावाहून बारा बाण आणले आहेत. तुमच्याइतके उंच जाणार नाहीत, पण निदान वेळेवर आले. परवानगी नाकारली गेली. कारण: "अर्जदार समक्ष हजर राहिला नाही." नाकारू देत. पंधराला पहाटे पाचच्या ठोक्याला देवळाच्या अंगणातून मी स्वतः बाण सोडणार. नाका तिथून वीस पावलांवर आहे, हवं तर मोजून घेऊ देत. सगळ्या कोलोनियाने शपथ घेतली आहे. महिनाभर आम्ही टोपल्या उघडून दाखवल्या, एक दिवस त्यांनी आमचं आकाश बघावं.

हे शूर वीर काय करतील म्हणता? ऐका. दोन तारखेला मंडळींच्या एका टेहळ्याने खालच्या गल्लीतून एक बाण सोडला. नुसता एक. ट्रकमागचे सैनिक दचकले आणि त्यांनी समोर गोळ्या झाडल्या. समोर देवळाची भिंत. तीन भोकं आणि अर्धा गिलावा. अशा रीतीने लष्कराने आमच्या देवळावर हल्ला केला आणि भिंत शरण आली. सगळ्यात मजा त्या मुक्याची. तो भिंतीलाच लागून उभा होता. त्याच्याच साथीदारांच्या गोळ्या त्याच्या डोक्यावरून गेल्या. तो मटकन खाली बसला, गुडघ्यात डोकं घातलं, आणि बराच वेळ उठेना. मी भट्टीच्या दारातून बघत होतो. देव क्षमा करो, मी मोठ्याने हसलो. सगळी गल्ली हसली.

तुम्ही नाही आलात तरी चालेल.

माकारिओ

---

सान ब्लास,
१० मे

कोंपाद्रे,

हे पत्र प्रोको तुमच्याच हातात देईल. त्याला ग्वादालूपेच्या देवमातेची शपथ घातली आहे. वाचून भट्टीत टाका.

तो मुका म्हणजे सेल्सा.

धरणाचं मी खोटं सांगितलं. लष्करात नियम आहे, सैनिकाला नात्यागोत्याच्या गावी ठेवायचं नाही. म्हणून भरतीच्या वेळी अर्जात आई, बाप, भावंडं, नवरा, सगळ्यांची नावं आणि पत्ते लिहून घेतात. पाद्रिनोचा रकाना त्या अर्जात नाही. सरकारच्या लेखी तुम्ही तिचे कुणी नाही, म्हणून तिची नेमणूक तुमच्या दारात झाली.

तिने वर सांगितलं असतं तर बदली मिळाली असती. पण त्याआधी चौकशी झाली असती, तुमचं नाव कागदावर चढलं असतं. त्या शाळेतला कागद खालच्या गल्लीत पोचायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. सैनिकाचं माणूस म्हणून मंडळींनी तुमच्या भट्टीचं काय केलं असतं, तेही. म्हणून ती गप्प बसली. आवाज ओळखाल म्हणून बोलली नाही.

पाव घेतला नाही तो गर्वाने नव्हे. आईला लिहिलंय तिने, "पाद्रिनोच्या भट्टीचा वास आला की डोळे भरतात, तोंडावरचं कापड ओलं होतं, मग सार्जंट विचारतो."

पहाटे चार ते आठ भिंतीजवळची पाळी तिची. पंधरा तारखेलाही. तुम्ही बारा बाण सोडाल तेव्हा मागचे आठ जण काय करतील, ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही हसलात. तोमासाला मी ती ओळ वाचून दाखवली नाही. आज मातृदिन आहे, ती सकाळपासून सेल्साचा फोटो पुसते आहे.

अकरा वर्षांचा मान आहे, मला कळतं. मागायला तोंड नाही. तरी मागतो. आणि कारण कुणाला सांगू नका, लुचालाही नाही.

क्रिस्पिन

---

कोलोनिया सान इसिद्रो,
१७ मे

कोंपाद्रे,

ती बरी आहे. आधी हे वाचा, तोमासाला सांगा, मग बसून पुढचं वाचा.

पत्र चौदाला दुपारी मिळालं. प्रोको लुचाच्या हातात देईना. लुचाला वाटलं, बाईचं पत्र. वाटू दिलं.

कणीक मळायच्या काहिलीत पाणी भरलं आणि बाराही बाण त्यात बुडवले. मिरवणुकीसाठी आणलेले फटाकेसुद्धा. मी नाही म्हणालो तरी दुसऱ्याने कुणी सोडू नयेत म्हणून. मग देवळात जाऊन पंचांना सांगितलं, यंदा बाण नाहीत.

"का?" खाटीक रोसेन्दोने विचारलं.

"भिजले."

"बारा दिवस पाऊस नाही, माकारिओ."

"भट्टीत ठेवले होते."

"भट्टीत ठेवलेली वस्तू भिजते?"

डोन्या चोले पुढे आली. ब्याऐंशी वर्षांची आहे, तुम्हाला आठवत असेल, काठीने बोलते. "अकरा वर्षं थांबलास आणि ऐन वेळी शेपूट घातलीस होय रे? दे इकडे, मी सोडते. मला मारून त्यांना काय मिळायचंय, दोन वर्षं?" सगळे हसले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "कॅप्टनने काय दिलं, विचारा त्याला." त्यावर कुणी हसलं नाही. फादर आन्सेल्मो माझ्याकडे बघत होते. त्यांनाही सांगितलं नाही. एरवी मी त्यांना भट्टीत मेलेल्या मुंग्यांचंही पाप सांगतो.

पंधराला पाच वाजले आणि काही झालं नाही. पहिल्यांदाच, कोंपाद्रे. घंटा थांबली आणि त्यानंतर कुत्रंही भुंकलं नाही. मला वाटलं, देवाने ऐकलं, आता शांतपणे पार पडेल. पण आमची अक्कल बघा. बाण सुटणार म्हणून चुगलखोरांनी कॅप्टनला आधीच कळवलं होतं. माणसं जय्यत तयार होती, घाबरायला. बाण सुटलेच नाहीत. मग त्यांना वाटलं, बाणांपेक्षा काहीतरी मोठं येतंय. संताची पालखी दारातून निघाली तर पोत्यांमागे सगळ्यांच्या बंदुका वर. आणि भिंतीशी ती उभी, पालखी आणि बंदुका यांच्या मधोमध.

पालखी थांबली. लोक माझ्या मागे, शिव्या पुटपुटत. माझ्या हातात धुपाटणं.

मानकऱ्याने वाटेतल्या प्रत्येकाला धूप दाखवायचा अशी आमची रीत आहे. प्रत्येकाला, भिकारी असो की कुत्रं. तेव्हा मी एकटा निघालो. वीस पावलं होती, मी खोटं लिहिलं नव्हतं. पहिला गेलो तो ट्रकमागच्या सार्जंटकडे. त्याची नळी माझ्या पोटाकडे. त्याला धूप दाखवला, त्याच्या लोखंडी टोपीवर अंगठ्याने क्रूस काढला. तो खोकला आणि नळी खाली केली. खोकताना नेम धरता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग दुसरा, तिसरा. सगळ्या आठांना घेतलं. शेवटच्याने तर टोपी काढली, विशीचाही नसेल.

मागून आवाज येत होते, "बघा, बूट चाटून झाले, आता आशीर्वाद!" रोसेन्दोचा आवाज ओळखला. बरोबर होतं त्याचं. नवव्याला हात लावायचा तर आधीच्या आठांना लावणं भाग होतं, हे त्याला कसं कळावं?

मग तिच्याजवळ गेलो. ती सरळ उभी राहिली नाही. तिने मान खाली घातली, सान ब्लासच्या घरी घालतात तशी, पुरती. मी क्रूस काढला. तो वाकडा झाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी ती माझ्या हातात ओरडून ओरडून निळी झाली होती. या वेळी ती हळूच म्हणाली, "पुढे व्हा, सेन्योर." आवाज तोमासाचा.

पालखी नाक्यातून गेली. कुणी गोळी झाडली नाही. कुणी माझ्याशी बोललंही नाही.

माकारिओ

---

सान ब्लास,
२५ मे

कोंपाद्रे,

तोमासाने पत्र तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा मीच वाचू शकलो नाही.

तिकडे फार झालं तर इकडे या. खोल्या दोन आहेत, पण भिंत पाडता येते.

क्रिस्पिन

---

कोलोनिया सान इसिद्रो,
८ जून

कोंपाद्रे,

लष्कर गेलं. शुक्रवारी बॅन्ड लावून, फळ्यावरचं शून्य पुसून. कॅप्टनने भाषण केलं की सान इसिद्रोत स्फोटाचा एकही प्रकार घडला नाही आणि इथले नागरिक सैनिकांना आशीर्वाद देतात. मोहीम फत्ते. पुढच्या शहरात मंत्र्यांचं भाषण आहे, तिकडे ट्रक लागतात. शाळा उघडली. मास्तर म्हणतात, पोरांना बाकावर बसायची सवय गेली आहे. कॅप्टनला मात्र लागली होती.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला पुढच्या वर्षीच्या बाणांबद्दल लिहिलं असतं. पण त्या पहाटे कॅप्टनबरोबर एक फोटोवाला होता. वर्तमानपत्रात पान तीनवर मी आहे. एका हातात धुपाटणं, दुसरा हात सार्जंटच्या टोपीवर. खाली छापलंय, "सुरक्षा दलांचा मित्र." शिवाय मला सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं आहे. ते भिंतीवर लावावं म्हणून खिळासुद्धा बरोबर पाठवला. आमच्या देशात सरकार असा एवढा विचार क्वचित करतं.

काल दोन तरुण दुकानात आले. फार सभ्य. टोप्या काढल्या. एक डझन गोड पाव घेतले, "काका, तुमच्यासारखा पाव शहरात नाही" म्हणाले. मग वर्तमानपत्राचं ते पान माझ्यापुढे पसरून नीट सपाट केलं. मोठा म्हणाला, "मित्रांना निरोप दिलात, आता तुम्हीही निघा. सोमवारपर्यंत." सैनिकाचं माणूस म्हणून मारणार नव्हते, बरं का. सैनिकांचा मित्र म्हणून. सेल्साचं नाव कुणालाच ठाऊक नाही. ती दोन महिने तोंड बांधून उभी राहिली ती ज्यासाठी, ते मी दहा मिनिटांत धूप दाखवून घालवलं. तिचा जीव मात्र राहिला. मला हा हिशेब मान्य आहे.

लुचाला मी काल सांगितलं. आधी तिने माझ्यावर पिठाचं लाटणं उगारलं, मग बसली, मग म्हणाली, "पोरीला नववी का ठेवलीत? आधी तिच्याकडे जायचं!" बायकांना रणनीती कळत नाही, पण बाकी सगळं कळतं.

सोमवारी प्रोकोच्या बसने येतो. लुचा, दोन पेट्या, पाव भाजायचे तेरा पत्रे. भट्टी उचलून आणता येत नाही. रोसेन्दो काल संध्याकाळी मागच्या दाराने आला होता. पत्रे बांधायला मदत केली आणि आल्या दाराने गेला. त्याला अजून वाटतं, मी कॅप्टनकडून काहीतरी घेतलं. तसंच वाटत राहू दे, खरं कळलेला माणूस कधीतरी दारू पितो.

एकच मागणं. सेल्साला यातलं काही लिहू नका. पाद्रिनोला शहराची हवा मानवली नाही, डॉक्टरने डोंगरात जायला सांगितलं, एवढंच लिहा. आपल्यामुळे भट्टी गेली असं तिला कळलं तर पुढच्या शहरात, पुढच्या भिंतीशी, ती त्याचाच विचार करत उभी राहील. मनात दुसरं काही असलेला सैनिक बाण सुटल्यावर उशिरा वाकतो. मी पाहिलं आहे, त्या दोन तारखेला किती कमी वेळ होता ते.

तिने वेळेवर वाकावं. बाकी काही नको.

तुमचा कोंपाद्रे,
माकारिओ